फोटोतल्या ‘इतर महिला’

मी तुमच्या भागातली सहयोगिनी बोलते आहे. एरवी माझा आवाज आला की तुम्हाला वाटतं, आता कर्जाचा हप्ता नाहीतर बँकेचा फॉर्म. आज मी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. पण विमा, कर्ज आणि नोंदवही त्यातही आहे बरं का. ती आपला पिच्छा सोडत नाहीत.

आधी एक घरचीच गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाने मसाल्याचं यंत्र घेतलं. उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, फोटो निघाला. पुढे तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला. खाली नावं छापली होती. पाहुण्यांची, त्यांच्या शेजारच्यांची, फीत धरणाऱ्याचीसुद्धा. आणि शेवटी लिहिलं होतं, “व इतर महिला”. ज्यांनी महिन्याला शंभर-शंभर रुपये साठवून ते यंत्र घेतलं, त्या अकरा जणी “इतर”. तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. फोटोत आलो हेच खूप झालं, असं वाटलं.

परवा एक सिनेमा पाहिला आणि तो फोटो डोळ्यांपुढे आला. सिनेमाचं नाव ‘बेल’. इंग्रजी आहे. मी मोबाईलवर पाहिला, खालची अक्षरं वाचायला सारखी थांबत थांबत. दोन तासांचा सिनेमा संपवायला मला तीन रात्री लागल्या.

या सिनेमाची सुरुवात एका चित्रातून झाली. स्कॉटलंडमध्ये स्कोन नावाचा एक राजवाडा आहे. तिथे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचं एक मोठं रंगवलेलं चित्र आहे. चित्रात दोन तरुण मुली आहेत. एक गोरी, गुलाबी झग्यातली, हातात पुस्तक. दुसरी सावळी, रेशमी झगा, डोक्याला फेटा आणि त्यात पीस, हातात फळं. गोरीने सावळीच्या दंडाला हात लावला आहे. सावळी आपलं बोट स्वतःच्या गालाला लावून सरळ आपल्याकडे बघते आणि हसते. एखादी मैत्रीण धावत जाता जाता थांबून हसावी तसं.

त्या काळात इंग्लंडच्या श्रीमंत घरांतल्या चित्रांत काळ्या माणसांना दाखवत, नाही असं नाही. पण कुठे? कोपऱ्यात, खाली, मालकिणीकडे मान वर करून बघताना, हातात तबक घेऊन. घरात घोडा आहे, कुत्रा आहे, तसा एक गुलामही आहे, हे दाखवायला. या चित्रातली मुलगी मात्र बहिणीच्या बरोबरीने उभी आहे. तरीही त्या घराण्याच्या जुन्या यादीत चित्राबद्दल लिहिताना नाव फक्त गोऱ्या मुलीचं होतं, लेडी एलिझाबेथ. दुसरी कोण? तर काळी सेविका. म्हणजे आपल्या भाषेत, “व इतर”.

ती सेविका नव्हती. तिचं नाव डायडो एलिझाबेथ बेल. ती त्या घराची मुलगी होती.

आता हा सिनेमा करणाऱ्या बाईंची ओळख करून देते. त्यांचं नाव अम्मा असान्ते. नाव ऐकून वाटेल आपल्या दक्षिणेकडच्या असतील. पण त्यांचे आईवडील आफ्रिकेतल्या घाना देशाचे, आणि अम्मांचा जन्म लंडनचा, १९६९ सालचा. शाळकरी वयात त्या टीव्हीवरच्या ‘ग्रेंज हिल’ नावाच्या मालिकेत काम करायच्या. म्हणजे आधी अभिनेत्री. पुढे लिहायला लागल्या आणि मग दिग्दर्शन. दिग्दर्शक म्हणजे सिनेमात कोणी काय करायचं, कॅमेरा कुठे ठेवायचा, हे सगळं ठरवणारा माणूस. त्यांचा पहिला सिनेमा २००४ साली आला. इंग्लंडमधला मानाचा पुरस्कारही त्याला मिळाला. तरी दुसरा सिनेमा यायला २०१३ साल उजाडलं. तो दुसरा सिनेमा म्हणजे हा ‘बेल’.

झालं असं, की सिनेमाला पैसा उभा करणाऱ्या निर्मात्याने अम्मांना एक पोस्टकार्ड दाखवलं. त्यावर स्कोनच्या राजवाड्यातलं हे चित्र छापलेलं होतं. आणि कथा लिहिणाऱ्या म्हणून ज्यांचं नाव सिनेमावर आहे, त्या मिसान सगाय, त्यांनी शिकत असताना हे चित्र प्रत्यक्ष त्या राजवाड्यात पाहिलं होतं. त्याही काळ्या वर्णाच्या. चित्राखाली जिचं नाव नव्हतं तिला दोन बायकांनी ओळखलं म्हणा ना.

तर डायडो कोण होती? आधी कागदावर जे आहे ते सांगते.

डायडोचा जन्म १७६१ सालचा. आई मारिया बेल, आफ्रिकन वंशाची, गुलामीत असलेली. वडील जॉन लिंडसे, इंग्लंडच्या आरमारातले कप्तान, बड्या घरचे. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. मालक आणि गुलाम बाई यांच्यात मर्जीचा प्रश्न कुठे येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डायडो पाच वर्षांची असताना, १७६६ साली, लंडनच्या एका चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. त्याची नोंद आहे. त्या नोंदीत आईचं नाव मारिया आहे. बाप म्हणून लिंडसे यांचं नाव नाही.

वडिलांनी तिला आपल्या मामांच्या घरी ठेवलं. हे मामा म्हणजे लॉर्ड मॅन्सफील्ड, सगळ्या इंग्लंडचे सरन्यायाधीश. लंडनजवळ त्यांचा मोठा वाडा होता, केनवुड हाऊस. तो आजही उभा आहे. मामा-मामींना मूल नव्हतं. त्यांनी दोन नाती वाढवल्या. एक आई नसलेली एलिझाबेथ आणि दुसरी डायडो. दोघी एकत्र वाढल्या, शिकल्या. डायडो चांगलं लिहायची. मोठेपणी ती आजोबांची पत्रंसुद्धा लिहून द्यायची. विचार करा, ज्या काळात तिच्या वर्णाच्या माणसांचा बाजार भरत होता, त्या काळात ती सरन्यायाधीशांच्या पत्रांचा मजकूर कागदावर उतरवत होती.

आणि तिच्याकडे अजून एक काम होतं. वाड्यातलं दुधाचं काम आणि कोंबड्यांची देखरेख. हे वाचलं आणि मला हसूच आलं. म्हटलं, ही तर आपल्याच गटातली निघाली!

पण बरोबरी पूर्ण नव्हती हो. १७७९ साली थॉमस हचिन्सन नावाचे एक पाहुणे केनवुडला जेवायला गेले. त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की जेवण झाल्यावर एक काळी मुलगी येऊन बायकांत बसली, आणि मग बागेत फिरताना घरातल्या मुलीने तिच्या हातात हात घातला होता. त्यांना ते अजिबात रुचलं नाही. डायडोबद्दल त्यांनी तुच्छतेनेच लिहिलं आहे. पण त्यांच्या लिहिण्यातून आपल्याला एक गोष्ट कळते. पाहुणे असले की डायडो त्यांच्या पंगतीला नसायची. जेवण उरकलं की बाहेर यायची. पंगतीचं राजकारण आपल्याला नवीन नाही. कोण आधी, कोण नंतर, कोण उंबऱ्याच्या आत आणि कोण बाहेर, हे आपण लहानपणापासून बघत आलो.

घराच्या हिशेबाच्या वह्याही सापडल्या आहेत. डायडोला वर्षाला खर्चायला मिळायचे ३० पौंड १० शिलिंग. एलिझाबेथला सुमारे १०० पौंड. एका घरात, एका छपराखाली, दोन बहिणी. प्रेम खरं होतं आणि हा फरकही खरा होता.

आता विम्याची गोष्ट. इथे जरा काम बाजूला ठेवून ऐका.

आपण शेळीचा विमा उतरवतो. कानात बिल्ला मारतात, फोटो काढतात, किंमत ठरते. शेळी दगावली तर बिल्ला दाखवायचा, पंचनामा करायचा, मग पैसे. बरोबर? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रज व्यापारी आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून न्यायचे आणि त्यांचाही असाच विमा उतरवायचे. माणसाला माल म्हणून.

१७८१ साली ‘झाँग’ नावाचं जहाज आफ्रिकेतून जमैकाला निघालं होतं. मालक लिव्हरपूलचे व्यापारी. जहाजात क्षमतेबाहेर माणसं भरलेली, आजार पसरलेला. विम्याचा नियम असा होता की गुलाम आजाराने मेला तर भरपाई नाही. पण जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला, तर भरपाई मिळणार. जहाजावरच्या लोकांनी काय केलं? पिण्याचं पाणी कमी पडतंय, असं म्हणून १३० हून जास्त जिवंत माणसांना समुद्रात ढकलून दिलं. त्यांत बायका होत्या, लेकरं होती. जहाज जमैकाला लागलं तेव्हा त्यावर पाणी शिल्लक होतं.

आणि मालकांनी विम्याचा दावा लावला. माणशी ३० पौंड.

विमावाल्यांनी पैसे द्यायला नकार दिला, म्हणून १७८३ साली खटला उभा राहिला. खटला खुनाचा नव्हता. विम्याचा होता. पहिल्या वेळी पंचांनी मालकांच्या बाजूने निकाल दिला. मग प्रकरण सरन्यायाधीश मॅन्सफील्ड यांच्यापुढे गेलं, म्हणजे डायडोच्या आजोबांपुढे. त्यांनी सांगितलं की याची पुन्हा सुनावणी झाली पाहिजे. ती पुढे झाल्याची नोंद मिळत नाही. खुनाबद्दल तर कोणालाच कधी शिक्षा झाली नाही. पण हे प्रकरण जगापुढे आलं, तेही एका काळ्या माणसामुळे. ओलाउडा इक्वियानो यांचं नाव. एकेकाळी स्वतः गुलाम होते. त्यांनी ही बातमी गुलामीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत पोचवली. शार्प यांनी सुनावणीचा शब्दन् शब्द लिहून घ्यायची सोय केली, म्हणून आज आपण हे बोलू शकतो.

त्याआधी १७७२ साली याच मॅन्सफील्ड यांनी दुसरा एक मोठा निकाल दिला होता. जेम्स सॉमरसेट नावाच्या गुलामाला मालक जबरदस्तीने जहाजात घालून विकायला नेत होता. न्यायाधीश म्हणाले, इंग्लंडमधून असं कोणाला नेता येणार नाही. तेव्हा डायडो अकरा वर्षांची, त्यांच्याच घरात खेळणारी. आजोबांच्या मनावर नातीचा काही परिणाम झाला असेल का? कागद यावर गप्प आहे.

आणि जिथे कागद गप्प बसतो, तिथे अम्मा असान्ते यांचा सिनेमा बोलायला लागतो.

सिनेमातले दोन प्रसंग सांगते. एकात डायडो आरशापुढे बसते आणि स्वतःची कातडी हाताने चोळत राहते, जणू रंग निघून जाईल. ते बघताना मला आमच्या गल्लीतली एक लग्नाची पोर आठवली. दर महिन्याला गोरं करायचं मलम आणते. दुसऱ्या प्रसंगात लंडनच्या घरात काम करणारी एक काळी बाई डायडोचे कुरळे केस विंचरते आणि तिला शिकवते, वरून नाही, टोकापासून सुरुवात कर. इतकी वर्षं त्या मुलीला तिचे स्वतःचे केस कसे विंचरायचे हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. आईच नव्हती ना. असं कुठल्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं असणार? ते एखाद्या बाईलाच सुचणार, आणि जिचे केस तसे आहेत अशा बाईला आधी सुचणार.

नाटक-सिनेमाची ताकद ही आहे. पण एक सावधगिरीही सांगते. सिनेमा पाहून लगेच सगळं खरं मानायचं नाही. सिनेमात डायडो झाँगच्या खटल्याचे कागद गुपचूप बाहेर पोचवते. प्रत्यक्षात तिने असं काही केल्याचा पुरावा नाही. सिनेमात तिला वडिलांची मोठी इस्टेट मिळते आणि ती श्रीमंत वारस होते. प्रत्यक्षात आजोबा १७९३ साली गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रातून तिला ५०० पौंड आणि वर्षाला १०० पौंड मिळाले. एलिझाबेथला त्याच्या कितीतरी पट. सिनेमात तिचा नवरा कायदा शिकणारा, भाषण करणारा तरुण आहे. खरा जॉन डेव्हिनिए हा बड्या लोकांच्या घरी कारभारी म्हणून नोकरी करणारा माणूस होता. डिसेंबर १७९३ मध्ये त्यांचं लग्न झालं, मुलगे झाले, आणि १८०४ साली, जेमतेम त्रेचाळीस वर्षांची असताना, डायडो गेली. तिला पुरलं ती जागा पुढे १९७० च्या दशकात बांधकामासाठी मोकळी केली.

आणखी एक ओळ मला त्या मृत्युपत्रातली महत्त्वाची वाटली. आजोबांनी त्यात मुद्दाम लिहून ठेवलं की डायडो स्वतंत्र आहे. का लिहिलं असेल? आपल्यामागे कोणी तिला गुलाम ठरवून विकू नये म्हणून. ते देशातले सगळ्यात मोठे न्यायाधीश होते. तोंडी शब्द पुरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही सगळी गोष्ट मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितली. बचत गोळा करून झाली होती, चहा व्हायचा होता. सगळ्या ऐकत होत्या. शेवटी आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, “समदं खरं गं बाई. पण त्या पोरीची आय कुठं गेली?”

मी म्हटलं, “आजी, सिनेमात ती आधीच वारलेली दाखवली आहे.”

आजी म्हणाल्या, “सिनेमात वारली. पर खरी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी घरी जाऊन शोधलं. आणि काय सापडलं सांगू? मारिया बेल मेलेली नव्हती. १७७४ सालचा कागद आहे. अमेरिकेत पेन्साकोला नावाचं गाव आहे, तिथली एक जागा लिंडसे यांनी मारियाच्या नावे केली होती. त्या कागदात ती गुलामीतून मुक्त झालेली बाई आहे, आणि त्याआधी ती लंडनमध्येही राहिली होती असं त्यावरून दिसतं. म्हणजे लेक केनवुडच्या वाड्यात वाढत होती तेव्हा आई जिवंत होती, आणि तिच्या नावावर जागा होती!

मला हे वाचून दोन्ही वाटलं, आनंदही आणि वाईटही. वाईट यासाठी, की विसरलेल्या मुलीला उजेडात आणणाऱ्या सिनेमात तिची आई पहिल्या काही मिनिटांतच संपून जाते. मी अम्मांना नावं ठेवत नाही. दोन तासांत सगळं बसत नाही, आणि त्यांनी हा सिनेमा केला नसता तर मी मारियाचं नाव ऐकलं नसतं. पण आजींचा प्रश्न बरोबर होता. एकीला फोटोत आणलं की विचारायचं, अजून कोण बाहेर राहिलं?

अम्मा असान्ते यांनी पुढे केलेले दोन सिनेमे थोडक्यात सांगते. २०१६ साली त्यांनी ‘अ युनायटेड किंगडम’ केला. आफ्रिकेतल्या एका राज्याचा वारस सेरेत्से खामा लंडनमध्ये कायदा शिकत होता. ऑफिसात कारकुनी करणाऱ्या रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी त्याने १९४८ साली लग्न केलं. इकडून तिचे वडील नाराज, तिकडून त्याचे काका नाराज. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेला तर काळ्या-गोऱ्यांचं लग्न सहनच होईना, आणि इंग्रज सरकारने त्यांची मर्जी राखायला सेरेत्सेला त्याच्याच देशात यायची बंदी घातली. पण त्याच्या लोकांनी आपल्या ग्रामसभेसारख्या भरसभेत त्याला आपला मानलं होतं. १९५६ साली दोघं परतले. १९६६ साली तो देश बोट्स्वाना नावाने स्वतंत्र झाला आणि सेरेत्से त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

चौथा सिनेमा २०१८ सालचा, हिटलरच्या जर्मनीतला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकाठच्या भागात फ्रान्सचं सैन्य होतं. त्यात आफ्रिकेतले शिपाई होते. त्यांच्यापासून जर्मन बायकांना झालेली मुलं पुढे हिटलरच्या डोळ्यांत सलली. १९३७ साली अशा सुमारे ४०० मुलामुलींची गुपचूप, जबरदस्तीने नसबंदी केली गेली. शाळेत जाणारी पोरं हो. हिटलरच्या अत्याचारांच्या गोष्टींत ही पोरं फारशी कुठे भेटत नाहीत. या सिनेमात अशाच एका मुलीचं हिटलरच्या संघटनेतल्या मुलावर प्रेम बसतं असं दाखवलं आहे. ते पुष्कळांना खटकलं, त्यावर टीका झाली. मलाही तो भाग पटला नाही. पण त्या ४०० मुलांबद्दल मला त्यामुळेच कळलं, हेही खरं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे लांबच्या लोकांचं, आपला काय संबंध? संबंध जुना आहे. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं. ते त्यांनी अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी, जोतीरावांना दिसलं की ते दुःख आणि इथलं दुःख एकमेकांच्या ओळखीचं आहे.

कर्जाचं राहिलंच की. इंग्लंडने १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला, आणि गुलामी मोडायचा कायदा १८३३ साली केला. तेव्हा भरपाई दिली, दोन कोटी पौंड. कोणाला? गुलामांच्या मालकांना. राबलेल्या माणसांना एक पैसा नाही. त्यासाठी सरकारने जे कर्ज काढलं, त्याचा शेवटचा हिस्सा फिटला २०१५ साली. आपल्यातल्या बऱ्याच जणींचे गट तेव्हा सुरूही झाले होते. इतकं जवळचं आहे हे.

आता शेवटचं. डायडोबद्दल आपल्याला जे खात्रीने माहीत आहे, ते कशामुळे? चर्चमधली एक नोंद, घरखर्चाची वही, पाहुण्याची रोजनिशी, मृत्युपत्र, जागेचा कागद. सगळे रुक्ष कागद. आपण बैठकीत इतिवृत्त लिहायला कंटाळतो. “सगळ्यांच्या संमतीने ठराव झाला” असं एका ओळीत उरकतो. कोण काय म्हणालं, कोणी विरोध केला, कोणाची कल्पना होती, ते लिहीत नाही. उद्या आपल्यावर कोणी सिनेमा काढायचा म्हटला तर त्याला सगळं कल्पनेनेच रचावं लागेल.

आमच्या गटाने गेल्या महिन्यात एक काम केलं. तो भिंतीवरचा मसाल्याच्या यंत्राचा फोटो खाली काढला आणि त्याच्या मागे डावीकडून उजवीकडे अकरा जणींची नावं लिहिली. सासरचं नाव, आणि लग्नात बदललं असेल तर माहेरचंही. शेजारी आईचं नाव. वाटलं होतं दहा मिनिटांत होईल. दीड तास लागला. आपलं माहेरचं नाव स्वतःच्या तोंडून उच्चारताना दोघी-तिघी लाजल्या. आणि त्या थोरल्या आजी, ज्यांनी मारियाची चौकशी केली होती, त्यांना आपल्या आईचं नाव आठवेना. लहानपणापासून सगळे त्यांच्या आईला कोणाची तरी आई, कोणाची तरी सून, असंच हाक मारायचे. आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग चौथ्या दिवशी सकाळी काठी टेकत माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “आठवलं. लिव.”

मी लिहिलं.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे एक काम कराल का? एक फोटो घ्या आणि त्याच्या मागे नावं लिहा. ज्या हयात नाहीत, ज्या गाव सोडून गेल्या, त्यांचीही. आणि घराच्या, शेताच्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या. अडचण आली तर मला सांगा, तलाठ्याकडे आपण मिळून जाऊ.

आणि हो, हप्त्याची तारीख या महिन्यात बदललेली नाही.